थकबाकीदाराला पुन्हा पत मिळते काय?

(झाडीपट्टीच्या धान मुलखात ऐकलेली आणि आपल्या ऊसवाल्यांनाही लागू पडणारी हकिकत)



गळीत हंगाम संपला की आपल्या शेतकी खात्याच्या कचेरीत दोन तऱ्हेची माणसे येतात. पहिली उसाच्या बिलाची चौकशी करणारी. ती मोठ्याने बोलतात. दुसरी माणसे जरा वेळ दाराशी घुटमळतात, गर्दी कमी झाली की टेबलाजवळ येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "साहेब, बँकेनं कार्ड नाकारलं. सिबिल खराब हाय म्हणत्यात. आता काय करावं?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की त्याचे एकदाच नीट उत्तर लिहावे असे मनात होते. त्याला निमित्त मिळाले ते चंद्रपूर जिल्ह्यात. माझा पुतण्या कृषी खात्यात असून त्याची नेमणूक ब्रह्मपुरीकडे आहे. चार दिवस त्याच्याकडे मुक्काम झाला. तिथे एका धानवाल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलो असता तोच प्रश्न कानी आला, फक्त बोली वेगळी. "भाऊ, एकडाव नाव खराब झालं तं पुन्हा कार्ड भेटते का जी?"

उसाचा मुलूख असो वा धानाचा, प्रश्न एकच. म्हणून आधी त्या मुलखाची थोडी ओळख करून देतो आणि मग मुद्द्यावर येतो.

तलावांचा मुलूख

चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्वी एकच जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. दोन्हीकडे जंगल भरपूर, वैनगंगा मधून वाहते, आणि त्या खोऱ्याला लोक झाडीपट्टी म्हणतात. मुख्य पीक धान. साखर कारखान्याच्या सभासदाला वाटेल, की आपला त्या मुलखाशी काय संबंध? पण तिथला कोहळी समाज पूर्वापार दोन गोष्टींसाठी नावाजलेला आहे. एक तलाव बांधणे आणि दुसरी ऊस पिकवणे! चांद्याच्या गोंड राजवटीत, जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन मिळे, असे तिकडे सांगतात. हेच तलाव पुढे मालगुजारांकडे गेले आणि आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. म्हणजे सहकारी कारखाने निघण्याच्या कितीतरी आधी तिकडे तलावाच्या पाण्यावर ऊस आणि गूळ होत होता.

आज मात्र बहुतेक शेती पावसाच्या धानाची. वर्षाला एक पीक, त्यावर एकदा कर्ज, आणि एकदा परतफेड. एक हंगाम बुडाला की माणूस थेट थकबाकीत जातो. आपल्याकडे उसाचे बिल निघताना सोसायटीचे कर्ज परस्पर कापून घेतले जाते, म्हणून विसरण्याची सोय नाही. तिकडे धान आधारभूत किमतीने खरेदी केंद्रावर घालायचा, पैसे खात्यावर येण्याची वाट पाहायची, आणि मग स्वतः जाऊन कर्ज भरायचे. गडचिरोलीत ही खरेदी बव्हंशी आदिवासी विकास महामंडळ गावोगावच्या आदिवासी सोसायट्यांमार्फत करते. पैसे लांबले की भरण्याची तारीख हुकते.

ज्या शेतकऱ्याच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, त्याची गोष्ट तर पुराची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणातून पाणी सुटले, वैनगंगेला पूर आला, आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज भागातली नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. याचा दोन एकर धान कुजला. कर्ज भरता आले नाही. पुढच्या वर्षी बँकेत जायची लाज वाटली, म्हणून गेला नाही. घरखर्चाला आणि बियाण्याला बाहेरून पैसे काढले. तिसऱ्या वर्षी बँकेत गेला, तेव्हा खाते अनुत्पादक झालेले. "मी पैसे बुडवलो नाही जी," तो म्हणाला, "पण बँकेत गेलोच नाही, तेच चुकलं."

बंधूंनो, ही ओळ मी मुद्दाम लिहून ठेवली. पत जाते ती पैसे नसल्याने तर जातेच, पण तोंड लपवल्याने दुपटीने जाते.

कार्ड दोन, घोळ एक

आपल्या लोकांचा पहिला घोळ नावात होतो. किसान क्रेडिट कार्ड हे एक, आणि दुकानात खरेदीला वापरायचे क्रेडिट कार्ड हे दुसरे. दोन्हींच्या नावात 'क्रेडिट' असले, तरी एक बैल आहे आणि दुसरा वळू.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशीवरून नाबार्डने त्याचा नमुना तयार केला. २०१२ साली भसीन समितीच्या सूचनांनुसार त्याची नवी रचना झाली, आणि २०१८-१९ पासून पशुपालन व मत्स्यपालन करणाऱ्यांनाही ते खुले झाले. मूळ कल्पना साधी. दर हंगामाला नवा अर्ज, नवे कागद, नवे हेलपाटे नकोत. पाच वर्षांसाठी एक मर्यादा ठरवायची, लागेल तेवढे काढायचे, पीक आले की भरायचे. व्याज फक्त काढलेल्या रकमेवर.

मर्यादा कशी ठरते, हे प्रत्येक सभासदाने समजून घ्यावे. जिल्ह्यात पीकवार कर्जाचा दर ठरतो. समजा एखाद्या पिकाला तो एकरी २५,००० रुपये आहे आणि क्षेत्र २ एकर आहे. मूळ रक्कम झाली ५०,०००. तीत घरखर्च व काढणीनंतरच्या खर्चासाठी १० टक्के म्हणजे ५,०००, आणि अवजारे-दुरुस्तीसाठी २० टक्के म्हणजे १०,००० मिळवायचे. एकूण ६५,०००, शिवाय पीकविम्याचा हप्ता. पुढच्या प्रत्येक वर्षी सुमारे १० टक्के वाढ धरून पाच वर्षांची मर्यादा बांधतात. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण रीत हीच आहे.

तारणाबद्दलही गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेने शेतीकर्जाची विनातारण मर्यादा २०१९ साली १ लाख ६० हजार केली, आणि १ जानेवारी २०२५ पासून ती २ लाख झाली. म्हणजे तेवढ्या रकमेपर्यंत जमीन गहाण मागण्याचे कारण नाही. पीकच तारण असते. गडचिरोलीच्या वनहक्क पट्टेदाराला ही तरतूद फार मोलाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग ती गहाण तरी काय ठेवणार? आपल्याला लागू पडणारी गोष्ट अशी, की जिथे पीक खरेदी करणाऱ्या संस्थेमार्फत वसुलीची व्यवस्था बांधलेली आहे, तिथे ३ लाखांपर्यंत विनातारण कर्जाचा विचार करण्याची मुभा बँकांना आहे. उसाचे बिल आणि कारखाना यांचे नाते नेमके तेच आहे.

व्याजाचे पाहा. २०२५-२६ च्या व्यवस्थेप्रमाणे ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, आणि वेळेवर भरणाऱ्याला केंद्राकडून ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्के. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे, मुदतीत फेडणाऱ्याला २०२१ पासून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते. हे सगळे 'मुदतीत' या एका शब्दावर टांगलेले आहे. तारीख हुकली की शून्याचे सात होतात, आणि थकबाकी झाली की त्याहून जास्त.

नाव कोठे खराब होते?

पूर्वी माणसाची पत गावात असे. सावकाराला ठाऊक असे, सोसायटीच्या सचिवाला ठाऊक असे. १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची मोठी पाहणी झाली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या समितीवर होते. तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा फक्त ३.१ टक्के निघाला. जवळपास ७० टक्के सावकारांचा होता. आपल्या सोसायट्या, जिल्हा बँका आणि कारखाने या आकड्याला उत्तर म्हणून उभे राहिले, हे तरुण सभासदांनी विसरू नये.

आता पतीची नोंदवही गावात राहिलेली नाही. २००५ च्या कायद्याखाली देशात चार पतमाहिती कंपन्या काम करतात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरा दिवसांनी जाऊ लागली. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक गुणांक निघतो. 'सिबिल' म्हणतात तो हाच. हे सरकारी खाते नव्हे आणि काळी यादीही नव्हे. ती हिशेबाची वही आहे. वहीत चूक असू शकते, आणि वहीत पुढची पाने चांगली लिहिता येतात.

ज्याचे नाव खराब म्हणतात, तो चारांपैकी एका जागी उभा असतो. आपण कोठे उभे आहोत, हे आधी पाहावे.

पहिला, खरोखरचा थकबाकीदार. पुराचा, दुष्काळाचा, आजारपणाचा मारलेला.

दुसरा, जामीनदार. हा मी स्वतः होतो, म्हणून सांगतो. भावकीतल्या एकाने ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर घेतला. मी विश्वासाने सही केली. मुकादमाने उचल घेतली आणि टोळी आणलीच नाही. ट्रॅक्टर दारात उभा, हप्ते थकले. पुढे त्याने जमिनीचा तुकडा विकून सगळे कर्ज मिटवले. मला वाटले, संपले. चार वर्षांनी मी ठिबकसाठी कर्ज मागायला गेलो, तर माझ्या नावावर ते कर्ज अजून थकीत दिसत होते! बँकेने मिटल्याची नोंद पुढे पाठवलीच नव्हती. मी कोणाचे एक पै बुडवले नव्हते, पण कागदावर मी बुडवा होतो. त्या रात्री घरात जेवण गोड लागले नाही.

तिसरा, तडजोड किंवा माफी झालेला. एकरकमी तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडली, तर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो. तो 'पूर्ण फेड' नव्हे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, या तिन्हींत अनेकांची खाती मिटली. पण आपल्या नावावरची नोंद मिटली की नाही, हे किती जणांनी पाहिले?

चौथा, ज्याने कधी कर्जच घेतले नाही. त्याच्या अहवालात 'उणे एक' असे दिसते. ही खराब पत नव्हे, कोरी पाटी आहे. केवळ जुनी नोंद नाही एवढ्या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना असल्याचे केंद्र सरकारने २०२५ साली संसदेत सांगितले आहे.

पाचवा प्रकारही आहे, पण त्यात माणसाचा दोष नसतो. नावावर परस्पर कर्ज निघणे. परभणी जिल्ह्यात गंगाखेडकडे ऊस उत्पादकांच्या नावे परस्पर कर्जे उचलल्याची तक्रार २०१७ साली पोलिसांत नोंदली गेली. बँकांच्या नोटिसा घरी आल्या तेव्हा शेतकऱ्यांना कळले. आणि वनभागात आणखी एक अडचण. एकाच गावात एकाच नावा-आडनावाची दोन-तीन माणसे. मडावी, आत्राम, कुमरे घरोघरी. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर चढायला वेळ लागत नाही.

दुरुस्तीची वाट

पहिले काम, अहवाल काढणे. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा २०१७ पासून नियम आहे. मुलाच्या मोबाईलवर निघतो. मात्र कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावा. "सिबिल वाढवून देतो, पाच हजार द्या" म्हणणारे एजंट तालुक्याच्या गावी बोकाळले आहेत. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

दुसरे, चूक असेल तर लेखी तक्रार. कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे. एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे, की ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. मी कर्ज मिटल्याचा दाखला जोडून अर्ज केला आणि माझी नोंद दुरुस्त झाली. तो दाखला भावकीतल्या माणसाने ट्रंकेत जपून ठेवला होता, म्हणून निभावले. कर्ज मिटले की बेबाकी दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा, आणि जामीनदारानेही त्याची एक प्रत ठेवावी.

तिसरे, खरी थकबाकी असेल तर बँकेत जाऊन बसावे. जमल्यास पूर्ण फेड. न जमल्यास तडजोड, पण 'सेटल्ड' शेऱ्याचा अर्थ समजून. नोंदी किमान सात वर्षे राहतात, मात्र जुन्या नोंदीपेक्षा अलीकडच्या नोंदीला वजन जास्त. दोन वर्षे वेळेवर भरले की वहीचा रंग पालटू लागतो.

चौथे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. पीक गेले तर थकण्याच्या आधी जावे. आपत्ती जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचे पुनर्गठन करून हप्ते पाडून देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. खाते अनुत्पादक झाल्यावर तीच गोष्ट अवघड होते. धानासारख्या कमी मुदतीच्या पिकात दोन हंगाम थकले की खाते अनुत्पादक धरतात. त्या ब्रह्मपुरीच्या गड्याने पहिल्याच वर्षी पंचनाम्याची प्रत घेऊन बँक गाठली असती, तर त्याची तीन वर्षे वाचली असती.

पाचवे, नकार लेखी मागावा. अर्ज फेटाळताना कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. पूर्ण कागदांसह दिलेल्या किसान कार्डाच्या अर्जाचा निकाल दोन आठवड्यांत लागला पाहिजे. पीककर्जाला सिबिल मागू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले आहे. तरी एक खुलासा करतो. 'सिबिल मागू नका' याचा अर्थ त्याच बँकेची जुनी थकबाकी ठेवून नवे कर्ज मिळेल, असा नाही. जुने खाते सरळ केल्याशिवाय दार उघडत नाही. तोंडी नकारावर परत फिरू नये, आणि बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, हे ध्यानात ठेवावे.

आणि दुकानातले कार्ड?

आता तरुण सभासदांचा प्रश्न. "सिबिल खराब आहे, पण मला खरेदीचे क्रेडिट कार्ड पाहिजे."

त्यालाही वाट आहे. बऱ्याच बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. १५-२० हजारांची ठेव ठेवायची, तिच्यावर बँक बोजा चढवते, आणि ठेवीच्या बऱ्याचशा भागाएवढी मर्यादा देते. ठेवीवर व्याज चालू राहते. बँकेला धोका नाही, म्हणून सिबिलचा आग्रह कमी. अशा कार्डावर महिन्याला खताचे एक पोते किंवा डिझेल घ्यावे, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, आणि बिल आले की पूर्ण भरावे. दर महिन्याची ही परतफेड वहीत चढते. दीड-दोन वर्षांत कोरी किंवा डागाळलेली पाटी सुधारते.

पण 'किमान रक्कम भरा' या शब्दांपासून सावध राहावे. हिशेब करून दाखवतो. समजा १०,००० बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले ३५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३. किमान रक्कम समजा ५०० भरली. मुद्दलात गेले किती? फक्त ८७ रुपये! वर्षाचा दर चाळीस टक्क्यांच्या वर. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये, असे महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरले. म्हणजे कायद्याने सावकाराला जे मना केले, त्याच्या तिपटीहून जास्त आपण खिशातल्या चकचकीत कार्डाला देतो. कार्डावर बाकी ठेवायची नाही, हा नियम ज्याला पाळता येणार नाही, त्याने हे कार्ड घेऊच नये. शेतीच्या खर्चाला किसान कार्डच खरे.

घरच्या लक्ष्मीलाही या कामात सोबत घ्यावे. बचत गटांना बँकेशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ पासून सुरू केले. नवऱ्याचे खाते थकीत असले तरी गटातल्या बाईची पत तिची स्वतःची असते. ब्रह्मपुरीच्या त्या घरी असेच झाले. बाईच्या गटातून छोटी उचल निघाली, तीतून आणि धानाच्या पैशातून दोन वर्षांत बँकेचे जुने कर्ज फेडले. पुढच्या खरिपाला नवऱ्याच्या नावे छोट्या मर्यादेचे किसान कार्ड झाले. "पहिल्यापेक्षा कमी भेटलं जी," तो म्हणाला, "पण आता तारीख चुकवत नाही. भिंतीवर लिहून ठेवतो." भिंतीवर पाहिले. कोळशाने तारीख लिहिलेली होती.

पावसाळ्याआधी करावयाच्या गोष्टी

सभासदांनी हा अंक जपून ठेवावा आणि पुढील कामे उरकून घ्यावीत.

१. चारही कंपन्यांचा नसेल तरी निदान एकीचा फुकट अहवाल काढून घरात वाचावा.

२. आपण कोणाकोणाला जामीन आहोत, याची यादी करावी. त्यांची खाती कशी आहेत, ते विचारावे. त्यात संकोच नको.

३. कर्जमाफी किंवा तडजोड झालेली असेल, तर बेबाकी दाखला घेऊन अहवालातली नोंद ताडून पाहावी.

४. उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली झाली, तर ती मुदतीच्या आत खात्यावर जमा झाली की नाही, हे पासबुकात पाहावे. कायद्याप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची रक्कम मिळाली पाहिजे. बिल लांबून व्याज सवलत जाण्याची वेळ आली, तर शेतकी खात्याला लेखी कळवावे. हा कारखाना आपला आहे, विचारण्याचा हक्कही आपला आहे.

५. कोऱ्या कागदावर, कोऱ्या अर्जावर, कोणाच्याही सांगण्यावरून सही किंवा अंगठा देऊ नये.

निघायच्या दिवशी पुतण्याने मला एक जुना तलाव दाखवला. पाळीवर मोठमोठी झाडे, खाली धानाच्या बांध्या. एका जागी मातीचा रंग वेगळा दिसला. विचारले, तर तो गडी म्हणाला, "तिथून पाळ फुटली होती जी. गाववाल्यांनी टोपल्या-टोपल्यांनी माती टाकून बांधली. आता पाणी थांबते."

पतीचेही तसेच आहे. फुटली म्हणून तलाव टाकून देत नाहीत. लहान लहान टोपल्यांनी, दर हंगामाला, ठरल्या तारखेला माती टाकत राहायचे. ज्या सभासदाला या कामी अर्ज लिहून हवा असेल, अहवाल वाचून हवा असेल, त्याने शेतकी खात्यात यावे. दाराशी घुटमळू नये, थेट आत यावे. हा लेख लिहिणाराही एके काळी त्याच दाराशी घुटमळला होता.